परदेशात गाडी चालवायची तर

(मंडळाच्या वार्षिक समारंभात झालेले भाषण)



दरवर्षी या समारंभात मी फराळाच्या बाजूला असते. चिवड्याला मीठ किती, लाडवाचा पाक कसा, एवढे मला विचारायचे आणि मी सांगायचे, असा आपला नेम. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव भाषणाच्या यादीत घातले, तेव्हा मला वाटले चुकूनच पडले असेल. मी त्यांना म्हटले, "अहो, माझी सातवी झालेली. मी काय बोलणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी जे घडलं तेच सांगा. परदेशात गाडी चालवायला वेगळं परमिट लागतं की नाही, हे आपल्यातल्या किती जणींना ठाऊक आहे? आणि पोरं तर सगळ्यांचीच तिकडे आहेत." ते खरेच आहे. पूर्वी आपल्या गावात एखाद्याचा मुलगा परदेशी असला तर पोस्टमन त्याचे पत्र उंच धरून आणी. हल्ली हळदीकुंकवाला चार जणी जमल्या तर एकीचा मुलगा दुबईला, एकीची लेक जर्मनीला, आणि एकीचे यजमान कंपनीच्या सहलीला थायलंडला गेलेले असतात. म्हणून उभी राहिले आहे. बोलण्यात चुकले तर सांभाळून घ्यावे.

आमच्या धाकट्या भावोजींचे रंगाचे आणि हार्डवेअरचे दुकान आहे, ते आपणां सर्वांना माहीत आहे. रंगाच्या कंपन्या दुकानदारांसाठी स्कीम काढतात. अमुक इतका माल उचलला तर सोन्याचे नाणे, तमुक इतका उचलला तर परदेशची सहल. २०२३ साली भावोजींनी उन्हाळ्याच्या सीझनमध्ये एवढा माल उचलला की आमच्या माजघरातसुद्धा डबे रचले होते. सासूबाई देवाला बसल्या की त्यांच्या पाठीमागे रंगाचे डबे. पण सहल मिळाली. मे महिन्यात चार रात्री फुकेतला जायचे ठरले. थायलंड देशाच्या दक्षिणेला ते बेट आहे.

जायच्या आधी पंधरा दिवस भावोजी टेम्पोचे कागद करायला आर.टी.ओ. कचेरीत गेले होते. तिथे एका ओळखीच्या माणसाने त्यांना सांगितले की परदेशात गाडी चालवायची असली तर आंतरराष्ट्रीय परमिट काढून ठेवा, हजार रुपये फी आहे. भावोजी घरी आले, चहाला बसले आणि मला म्हणाले, "वहिनी, काढू का?" मी चपात्या लाटत होते. मी मान वर न करता म्हटले, "चार रात्रींसाठी हजार रुपये कशाला घालवता? कंपनीचीच बस नेणार, कंपनीचीच बस आणणार. त्यापेक्षा पोरांना काहीतरी आणा." सगळे हसले आणि विषय संपला.

भगिनींनो, ही गोष्ट मी नातेवाइकांत सांगते तेव्हा एवढा भाग गाळून सांगते. आज गाळला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांना मोकळा वेळ होता. चौघा दुकानदारांनी मिळून स्कूटरी भाड्याने घेतल्या. दिवसाला तीनशे बाथ, म्हणजे आपले सातशे-आठशे रुपये. दुकानदाराने भावोजींचा पासपोर्ट ठेवून घेतला आणि किल्ली दिली. लायसन विचारले नाही, परमिट विचारले नाही. तो विचारत नाही म्हणजे लागत नसेल, असे या चौघांनी धरून चालले. त्याला काय, त्याचे भाडे वसूल झाले आणि पासपोर्ट त्याच्या गल्ल्यात! सरकारचा कायदा काय आहे हे त्याने कशाला सांगावे?

तिकडे पावसाळा आपल्या आधी लागतो. पातोंग नावाच्या समुद्रकाठच्या वस्तीकडे उतरणारा डोंगरातला रस्ता आहे, फार उताराचा, वळणावळणाचा. सर येऊन गेली होती. भावोजींनी वळणावर ब्रेक दाबला आणि स्कूटर खालून निसटली. कोणाला धडक बसली नाही, ही देवाची कृपा. पण डावा पाय गुडघ्याखाली मोडला, दोन्ही हाडे.

इकडे रात्री साडेनऊला फोन आला. जाऊबाई भांडी घासत होत्या. फोन मी घेतला. सोबतचा माणूस बोलत होता आणि मागून कोणीतरी परक्या भाषेत काहीतरी ओरडत होते. ऑपरेशन करावे लागेल, त्याआधी पैसे भरावे लागतील, असे तो म्हणाला. आमचे हे शांत होते. म्हणाले, विमा आहे. आणि विमा होताच. कंपनीने सगळ्यांचा प्रवासाचा विमा उतरवला होता, त्यावर पन्नास हजार डॉलर असे छापलेले होते. तो कागद भावोजींनी जाताना देवघरात ठेवला होता. आम्ही तो काढून दिव्याखाली वाचला आणि खरे सांगते, त्या रात्री आम्ही जेवलोसुद्धा.

दोन दिवसांनी विमा कंपनीकडून पत्र आले. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. एक, चालकाचे लायसन. दुसरी, त्या देशात चालणारे परमिट. परमिट तर नव्हतेच. आणि लायसन पाहिले तर त्याच्यावर फक्त चारचाकी! भावोजी वयाच्या पंधराव्या वर्षापासून मोटरसायकल चालवतात. लग्नात जाऊबाईंना मोटरसायकलवरूनच देवदर्शनाला नेले होते. पण लायसन काढले ते ड्रायव्हिंग स्कूलमधून, मोटारीचे. दुचाकी त्यावर चढवायची राहून गेली. वीस वर्षे राहून गेली. आपल्याकडे कधी कोणी अडवले असेल तर शंभराची नोट काढून सुटले असतील, त्यांनी घरी सांगितले नाही. आता मात्र कागदावर काळ्या अक्षरांत आले की ज्या गाडीवरून पडला ती गाडी चालवायचा तुम्हाला अधिकारच नव्हता. सबब विमा मिळणार नाही.

दवाखान्याचे बिल आपल्या पैशांत सहा लाख ऐंशी हजार झाले. स्कूटरच्या दुरुस्तीचे त्या दुकानदाराने सांगितले तेवढे मोजावे लागले, कारण पासपोर्ट त्याच्याकडे होता आणि पासपोर्टाशिवाय माणूस घरी येणार कसा? परतीचे विमानाचे तिकीट पुन्हा नवे, पाय लांब ठेवता येईल अशा जागेचे, तेही महाग. आमच्या ह्यांची ठेव मोडली. बाकीचे जाऊबाईंच्या आणि माझ्या पाटल्यांवर पतसंस्थेतून उचलले. जाऊबाईंच्या पाटल्या गेल्या दिवाळीत सुटल्या. माझ्या अजून तिथेच आहेत. आज हातात दिसतात त्या बेन्टेक्सच्या आहेत, तेव्हा मागच्या महिन्यात ज्या बाईंनी घडणावळ विचारली त्यांना आता उत्तर मिळाले असेल.

मला त्या वेळी विमावाल्यांचा फार राग आला. हप्ता घेताना गोड, आणि देताना कायदा! पुढे माझ्या मुलाने पॉलिसीची बारीक अक्षरे मोठी करून मला वाचून दाखवली. योग्य परवाना नसताना वाहन चालवून झालेली इजा यात धरली जाणार नाही, असे स्वच्छ लिहिले होते. तेव्हा माझा राग निम्मा उतरला. निम्मा अजून आहे. ते वाक्य पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत का छापत नाहीत, हे मला कोणी सांगितलेले नाही.

आता हे परमिट म्हणजे काय, ते मला समजले तसे सांगते. मुलाने वाचून दाखवले, आर.टी.ओ.तल्या एका बाईंनी समजावून दिले, आणि मी वहीत उतरून घेतले. तीच वही समोर आहे.

आपण लेक सासरी पाठवताना पूर्वी बरोबर पाठराखीण पाठवत असू. नवरी कोण, कुठली, कोणाची, हे नव्या घरात ती सांगणार. पण पाठराखीण म्हणजे नवरी नव्हे. नवरीशिवाय एकटी पाठराखीण जाऊन उभी राहिली तर तिला कोण घरात घेईल? तसे हे परमिट. आपले मूळ लायसन ती नवरी, आणि परमिट ही पाठराखीण. आपल्या लायसनवर काय लिहिले आहे, हे परक्या देशाच्या पोलिसाला त्याला कळणाऱ्या भाषेत सांगणारी ती पुस्तिका. आत तोच मजकूर निरनिराळ्या भाषांत छापलेला असतो. म्हणून दोन्ही बरोबर लागतात. नुसते परमिट घेऊन गेले आणि लायसन घरी राहिले तर काही उपयोग नाही. आणि पाठराखीण माहेरी मिरवत नाही, तसेच या परमिटावर आपल्या देशात गाडी चालवता येत नाही.

पुस्तिकेत गाड्यांचे रकाने असतात, ए, बी, सी, डी, ई असे पाच. ए म्हणजे दुचाकी आणि हलकी तीनचाकी. बी म्हणजे आपली नेहमीची मोटार, चालकाशिवाय आठ जणांपर्यंत बसतील अशी, किंवा साडेतीन टनांपर्यंतची मालाची गाडी. पुढचे तीन मोठ्या ट्रकचे, मोठ्या बसचे आणि मागे जोडगाडी ओढणाऱ्यांचे. तुमच्या लायसनवर जी गाडी आहे तिच्याच रकान्यावर शिक्का पडतो. भावोजींनी त्या वेळी हजार रुपये भरले असते तरी शिक्का बी वरच पडला असता, ए कोरा राहिला असता, आणि स्कूटरचा विमा तेव्हाही मिळाला नसता.

हे मला प्रथम कळले तेव्हा, खोटे कशाला बोलू, मला हायसे वाटले. म्हटले, माझ्या बोलण्याने काही बिघडले नाही म्हणायचे. चार दिवस मी हलकी होऊन वावरले. मग पाचव्या दिवशी कपडे वाळत घालताना डोक्यात आले की ते परमिट काढायला गेले असते तर खिडकीवरच्या माणसाने लायसन पाहून सांगितलेच असते, "साहेब, तुमची दुचाकी यावर नाही." तिथे ते कळले असते. तेव्हा ते हायसे काही टिकले नाही.

ही पद्धत नवी नाही. देशादेशांनी मिळून पहिल्यांदा १९२६ साली पॅरिस शहरी असा करार केला. मग १९४९ साली जिनिव्हा येथे दुसरा झाला आणि १९६८ साली व्हिएन्ना येथे तिसरा. आपला देश १९४९ च्या जिनिव्हा करारात १९६२ साली सामील झाला. थायलंडही त्याच वर्षी झाला. म्हणजे भावोजींचा जन्म व्हायच्याही आधीपासून दोन्ही देशांनी एकमेकांचे परमिट मानायचे कबूल केलेले होते, आणि आम्हाला त्याचा पत्ता २०२३ साली लागला! जिनिव्हाच्या करारातले परमिट एक वर्ष चालते. व्हिएन्नाच्या करारातले जास्तीत जास्त तीन वर्षे. आपल्याकडे मिळते ते जिनिव्हाचे, म्हणजे एका वर्षाचे. आणि मूळ लायसन त्याआधी संपत असेल तर परमिटही तेव्हाच संपते.

पूर्वी आपल्याकडे प्रत्येक राज्याची पुस्तिका निराळी असे. कोणाची लहान, कोणाची मोठी, रंगही वेगवेगळे, त्यामुळे परदेशातल्या पोलिसाला ती खरी की खोटी हेच कळेना. म्हणून २६ ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र सरकारने फर्मान काढून सगळ्या देशात एकच नमुना केला. त्यावर तो चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड असतो, आपण भाजीवाल्याला पैसे देताना वापरतो तसाच. त्यातून परमिट कोणत्या लायसनला जोडलेले आहे ते कळते.

आता मुख्य प्रश्न. परदेशात गाडी चालवायला हे परमिट लागतेच का? भगिनींनो, याला हो किंवा नाही असे एक उत्तर नाही. देश बदलला की उत्तर बदलते. आमची हकीकत गावात झाल्यावर आपल्यातल्या किती तरी जणी मला दारात गाठून विचारू लागल्या. त्यांच्यासाठी मी जे विचारून ठेवले तेच सांगते.

एकीचा भाऊ फिरायला इंग्लंडला जाणार होता. तिथे पाहुण्या माणसाला आपल्या लायसनवर असलेली मोटार किंवा मोटरसायकल बारा महिने चालवता येते. आपले लायसन इंग्रजीत असते, त्यामुळे भाषेचा प्रश्न येत नाही. आणि रस्त्याची बाजूही आपलीच, डावी. मग परमिट नकोच का? सरकारचा कायदा एक आणि गाडी भाड्याने देणाऱ्याची अट दुसरी. तो म्हणाला दाखवा, तर दाखवावे लागते, नाहीतर तो गाडी देणार नाही. अमेरिकेचेही तसेच, आणि वर तिथे प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. ज्या राज्यात जाणार तिथले विचारावे.

एकीची लेक नर्सिंगच्या कामाला जर्मनीला गेली आहे. तिथे राहायला गेलेल्या माणसाला आपल्या लायसनवर सहा महिने गाडी चालवता येते, पण लायसनचे भाषांतर जवळ लागते. सहा महिने झाले की तिथले लायसन काढायचे, त्यासाठी तिथली लेखी परीक्षा आणि गाडी चालवायची परीक्षा दोन्ही. आपण इथे वीस वर्षे चालवत असू, त्याचे त्यांना काही नाही. इटलीत फिरायला जाणाऱ्यालाही लायसनबरोबर परमिट किंवा रीतसर भाषांतर लागते.

जपानचे मला फार नवल वाटले. तिथे फक्त १९४९ च्या करारातले परमिट चालते. म्हणजे आपली पुस्तिका चालते. पण जर्मनीचा माणूस किंवा फ्रान्सचा माणूस तिथे गेला तर त्याचे परमिट चालत नाही, त्याला आपल्या लायसनचे जपानी भाषांतर करून घ्यावे लागते. मोठमोठ्या मोटारी बनवणाऱ्या देशाचा माणूस खोळंबतो आणि आपला माणूस गाडी घेऊन पुढे जातो! मला हे ऐकून उगीचच बरे वाटले. चीनच्या मुख्य भूमीवर मात्र हे परमिट मानतच नाहीत. तिथे त्यांचेच लायसन हवे, फिरायला आलेल्यालाही तात्पुरते काढावे लागते.

आता दुबई. यावर जरा थांबते, कारण आपल्या गावची पोरे तिकडे जास्त. जो फिरायला किंवा नातेवाइकाकडे पाहुणा म्हणून जातो, तो आपले लायसन आणि हे परमिट घेऊन भाड्याची मोटार चालवू शकतो. पण तिथे नोकरी लागली, राहण्याचा परवाना हातात पडला, की त्या दिवसापासून ही पाठराखीण परत! तिथले लायसनच काढावे लागते. एका बाईंचा मुलगा, नाव घेत नाही, नोकरी लागल्यावरही सहा महिने परमिटावरच गाडी चालवत होता. परमिटाची तारीख शिल्लक आहे ना, मग काय बिघडले, असे त्याचे म्हणणे. बाईंनी आमची हकीकत ऐकल्यावर त्याच रात्री त्याला फोन केला. तो म्हणाला, "आई, तुला कोणी सांगितलं?" त्या म्हणाल्या, "जिच्या पाटल्या गेल्या तिनं." आता तो तिथे क्लास लावून शिकतो आहे. आणि दुबईत काय किंवा जर्मनीत काय, रस्त्याची बाजू उजवी असते. परमिट खिशात असले म्हणून हाताला लागलेली डाव्या बाजूची सवय जात नाही, एवढे पोरांना सांगावे.

आपल्या भजनी मंडळातल्या ज्या बायका यजमानांसोबत स्वतःच्या गाडीने पशुपतिनाथाला जाणार आहेत, त्यांनी घाबरू नये. नेपाळात आपले भारतीय लायसन चालते. गाडीचा मात्र सीमेवर भन्सार भरावा लागतो, म्हणजे जकात. त्याची पावती परत येईपर्यंत जपून ठेवायची.

परमिट काढायचे कसे, तेही सांगते. आपल्या जिल्ह्याच्या आर.टी.ओ. कचेरीतूनच मिळते. अर्जाचा नमुना ४-ए. तो सारथी नावाच्या सरकारी पोर्टलवर मोबाइलवरूनही भरता येतो. माझ्यासारखीला येत नसेल तर घरातल्या लहान पोराला येतो. बरोबर चालू लायसन, पासपोर्ट, फोटो आणि प्रवासाचे कागद. फी एक हजार रुपये. शिकाऊ लायसनवर मिळत नाही. पूर्वी डॉक्टरचा दाखला आणि व्हिसा आधी दाखवावा लागे. २०२१ च्या जानेवारीत सरकारने त्या दोन्ही अटी काढल्या, कारण कित्येक देशांत विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळतो, तो आधी आणणार कुठून? त्याच वेळी आणखी एक सोय झाली. परदेशात असताना परमिटाची मुदत संपली तर तिथल्या आपल्या वकिलातीमार्फत अर्ज करता येतो.

आणि मोबाइलवर ज्या जाहिराती येतात, तीन वर्षांचे, दहा वर्षांचे आंतरराष्ट्रीय लायसन घरपोच, त्याच्या नादाला लागू नये. आपल्या देशाचे परमिट आपल्या सरकारकडूनच मिळते आणि ते एका वर्षाचेच असते. दहा वर्षांची पाठराखीण कोणी पाहिली आहे का?

भावोजींचा पाय आता बरा आहे. पावसाळ्यात दुखतो. गेल्या वर्षी कंपनीची पुन्हा स्कीम लागली, पुन्हा थायलंड. जाऊबाई म्हणाल्या, "जायचं नाही." सासूबाई म्हणाल्या, "डब्यांना हात लावायचा नाही." भावोजी काही बोलले नाहीत. पण ते आर.टी.ओ. कचेरीत गेले आणि दुचाकीचे शिकाऊ लायसन काढून आले. त्रेचाळिसाव्या वर्षी! तीस दिवस थांबून मग परीक्षा दिली. मैदानात आठाच्या आकड्यावरून गाडी फिरवायची होती. सोबतची सगळी पोरे अठरा-एकोणीस वर्षांची, आणि त्यांत आमचे भावोजी लंगडत रांगेत उभे. पास झाले. मग परमिटाला हजार रुपये भरले. पुस्तिका आली तेव्हा ती त्यांनी प्रथम माझ्याच हातात दिली. म्हणाले, "वहिनी, ए वर शिक्का आहे बघा." मी पाहिला. निळा गोल शिक्का होता. मला पुढे काही बोलता आले नाही, मी चहा टाकायला आत गेले.

ते सहलीला गेले आणि आले. स्कूटरला हात लावला नाही. जाऊबाईंनी दिवसातून तीन वेळा फोन करून खात्री केली होती. पुस्तिका आता देवघरात आहे, विम्याचा कागद ठेवला होता तिथेच. तिची मुदत येत्या मार्गशीर्षात संपेल.

मी वहीत जे लिहिले आहे त्याची आणि ४-ए च्या अर्जाची झेरॉक्स करून आणली आहे. वीस प्रती आहेत, त्या चिटणीसबाईंकडे दिल्या आहेत. कमी पडल्या तर मंगळवारी दुपारी माझ्याकडे यावे, मी घरीच असते. चहा मात्र घ्यावा लागेल. आणि वही पाहायला येताना आपल्या माणसाचे लायसन बरोबर आणावे, त्यावर कोणती गाडी लिहिली आहे ते आधी पाहू.